कान असलेली घडी

तिच्या पायाला भिंगरी होती, म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणायचे. खरं नाव हजेरीपटावर होतं, आणि हजेरीपट कुलपात. हॉस्पिटलच्या तळघरात धुलाईखाना आहे, तिथे ती एकोणतीस वर्षं चादरींच्या घड्या घालत आली, पुढे घड्या घालणाऱ्यांची मुकादमीण झाली. पण एवढ्या वर्षांत तिला बसलेलं पाहिलंय असं शपथेवर सांगणारा माणूस सापडला नसता. डबासुद्धा उभ्याने. एक घास खायचा, मग वाळवणीच्या मशीनचं दार नीट लागलंय का ते बघायला जायचं. दुसरा घास, मग गाऊनची गाडी वाटेत कुणी लावली त्याचा तपास. तिसऱ्या घासाला डबाच सापडायचा नाही.

"अभ्र्यांवर," थोरली सांगायची.

थोरली ही तिची जोडीदारीण. मोठी चादर एकटीला आवरत नाही. दोघींनी दोन टोकं धरायची, ताणायची, जवळ यायचं, टोकाला टोक द्यायचं, परत मागे सरायचं. दिवसातून दोनशे वेळा त्या अशा एकमेकींजवळ यायच्या आणि लांब जायच्या, आणि जवळ आल्यावर जेवढं बोलून होईल तेवढंच बोलायच्या. भिंगरी तेवढ्यात अख्ख्या गल्लीची खबर देऊन टाकायची. थोरलीला एका खेपेला एक शब्द पुरायचा. "बघू." "असेल." "अभ्र्यांवर."

भिंगरीचा नवरा त्याच हॉस्पिटलात लिफ्ट चालवायचा. स्टुलावर बसून. त्याच्याइतका स्वस्थ माणूस त्या इमारतीत दुसरा नव्हता. भूल दिलेले पेशंटसुद्धा त्याच्यापेक्षा जास्त हलायचे.

"नवरा बसल्या बसल्या दिवसाला दीडशे मजले फिरतो, आणि बायको दिवसभर पळते ती तळघरातच," बंदरवाले काका म्हणायचे. "म्हणजे काय, विषयच संपला."

काकांचा विषय प्रत्येक वाक्याला संपायचा, आणि पुढच्या वाक्याला तोच विषय नव्याने सुरू व्हायचा. ते बंदरावरच्या वस्तीतले. वडील, आजोबा, सगळे शिडाच्या बोटींवर. शिडाचं कापड घडी करून ठेवलं की घडीवर फाटतं, म्हणून ते गुंडाळतात. काकांनी आयुष्यात दुसरं काही शिकून घेतलं नाही. चादर आली की गुंडाळ. थोरली डोंगरातली. तिथे घरं बुटकी, पांघरुणं जाड, म्हणून तिच्या घड्या वीतभर चौकोनी, एकावर एक रचल्या तर भिंत उभी राहील अशा. कोपऱ्यातल्या टेबलावरच्या दोघी बहिणी कोरड्या, धुळीच्या मुलखातल्या. त्या चादरीची उजळ बाजू आत घ्यायच्या, तोंड झाकून घ्यावं तशी. भिंतीवर 'आदर्श घडी' असा चार चित्रांचा तक्ता लावलेला होता. त्याच्या खिळ्यावर काका रुमाल वाळत घालायचे.

आणि गंमत म्हणजे वरच्या वॉर्डांना हे सगळं अंगवळणी पडलेलं होतं. ऑपरेशन थिएटरला काकांच्या गुंडाळ्या लागायच्या, कारण टेबलावर टाकून एक धक्का दिला की कापड पायापर्यंत पसरतं. लहान मुलांच्या वॉर्डातली कपाटं अरुंद, तिथे थोरलीचे चौकोन. अतिदक्षता विभाग बहिणींच्या घडीशिवाय दुसरी घडी हातात घ्यायचा नाही. दुसरं कुणाचं बोचकं गेलं की फोन यायचा, "आज आमच्या बाई रजेवर आहेत का?"

पण भिंगरी असताना असा फोन कधी यायचा नाही, कारण तिला सगळ्यांच्या घड्या यायच्या. काकांना ताप आला की ती गुंडाळायची, काकांसारखंच शेवटी तळव्याने दोनदा थोपटून. बहिणींपैकी कुणी माहेरी गेली की उजळ बाजू आत. एकदा तर काकांनीच आपलं म्हणून मोजलेल्या ढिगात वीस गुंडाळ्या तिच्या निघाल्या, आणि काका म्हणाले, "या जरा जास्तच माझ्या वाटतात."

एवढी ती सगळ्यांची नक्कल करायची. तिची स्वतःची घडी कोणती, असं कुणी कधी विचारलं नव्हतं.

मग एका सोमवारी तळघरात नव्या मॅडम उतरल्या. कर्मचारी विभागाच्या. वाफ अंगावर आल्यावर त्यांनी एकदा चष्मा पुसला, दुसऱ्यांदा पुसला, मग काढूनच ठेवला आणि समोर जे धूसर दिसत होतं त्याच्याशी बोलायला लागल्या.

"शुक्रवारी आपण काय करतोय? आपण साजरं करतोय. काय साजरं करतोय? आपलं वेगळेपण. आपल्याकडे किती ठिकाणची माणसं आहेत? बावीस. आपल्याला एकमेकांबद्दल काय माहिती आहे? काहीच नाही."

"पेपर काढतात पण ह्याच, आणि सोडवतात पण ह्याच," काका इस्त्रीच्या रोलरमागून पुटपुटले. "आपण नुसतं पास व्हायचं."

योजना अशी होती. पहिल्या मजल्यावरच्या सभागृहात टेबलं मांडायची. ज्याने त्याने आपल्या गावाची, घराण्याची, परंपरेची एक वस्तू आणायची, टेबलावर ठेवायची, येणाऱ्या-जाणाऱ्यांना तिची माहिती द्यायची. खायचं काही आणायचं नाही, हॉस्पिटलचा नियम. आणि गुरुवारपर्यंत प्रत्येकाने गुलाबी फॉर्म भरून द्यायचा. फॉर्मवर तीन रकाने होते: गाव, भाषा, वस्तू.

मॅडम गेल्या आणि धुलाईखान्यात असा गलका झाला की मशीनचा आवाज ऐकू येईना. काका आजोबांच्या हातची दोरखंडाची गाठ आणणार होते, जी म्हणे जगात तिघांनाच सुटते आणि त्यातले दोघे वारले. बहिणींमध्ये आईची शाल कुणाकडे आहे यावरून पहिल्यांदा खुलासा, मग भांडण, मग अबोला झाला, तोही एकाच टेबलावर समोरासमोर. थोरली सुद्धा तीन शब्द बोलली. "लाकडी पेटी. सासूची."

"आणि तुमचं काय, भिंगरीताई?" काकांनी विचारलं.

"माझं बघते की," ती म्हणाली, आणि नसलेली गाडी हलवायला निघून गेली.

तिचे वडील रोड रोलर चालवायचे. रस्ता जसा पुढे जाईल तसं घर पुढे जायचं. चार महिने इथे, सहा महिने तिथे, पत्र्याची खोली, तिच्यापुढे डांबराची पिंपं. रस्ता झाला की ज्यांच्यासाठी झाला ते त्याच्यावरून जायचे आणि ही मंडळी जिथे रस्ता नाही तिकडे. पाच शाळा झाल्या. पहिल्या शाळेत जे बोलायची त्याला दुसऱ्या शाळेत हसायचे, म्हणून ती आठ दिवसांत दुसरं बोलायला शिकायची. तोवर तिसरी शाळा. आईवडिलांचं मूळ गाव कोणतं तर एका धरणाच्या पाण्याखाली होतं, तेही तिच्या जन्माच्या आधी. आई त्या गावाबद्दल एवढंच म्हणायची, "ओलं असेल आता." आणि हसायची.

हे सगळं फॉर्मच्या पहिल्या रकान्यात मावण्यासारखं नव्हतं. रकाना दोन बोटांचा होता.

मंगळवारी ती फॉर्म घेऊन हिंडली. कमरेला खोचून. दर तासाला काढायची, बघायची, जणू तेवढ्यात तिथे आपोआप काही उमटलं असेल, परत खोचायची. बुधवारी इतरांचे दहा फॉर्म गोळा करून वर नेऊन दिले. मॅडमनी मोजले.

"दहाच. राहिला कुणाचा? तुमचा. काय राहिलंय? गाव राहिलंय."

"भरते उद्या."

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी मान तिरकी केली, आवाज मऊ केला, आणि तिथेच घोटाळा झाला. "हे बघा, नाही सुचत तर राहू दे. तुम्ही असं करा, व्यवस्था बघा. टेबलं पुसणं, पाणी, कुणाला काय हवं-नको. नाहीतरी तुम्हाला एका जागी बसवत नाही म्हणे."

ती लिफ्टने खाली आली. नवऱ्याने नेहमीप्रमाणे विचारलं, "कितवा?" आणि ती म्हणाली, "लग्नाला तीस वर्षं झाली, मी तळघरातच जाते."

"हो, पण विचारावं लागतं," तो म्हणाला.

रात्रीची भांडी घासताना तिने दोनदा तेच ताट घासलं. लेक बघत होती. लेक मोबाईलच्या दुकानात काम करायची आणि दिवसभर आलेल्या गिऱ्हाइकांच्या नकला संध्याकाळी घरी करून दाखवायची, पण त्या दिवशी तिनं एकही केली नाही.

"आई, त्यात काय एवढं? तू पाचसहा प्रकारचं बोलतेस. उभी राहा आणि सगळ्यांचं थोडं थोडं बोल."

"म्हणजे मी तमाशा करू?"

"मग ट्रंक ने. आजीची."

भिंगरीने पलंगाखालून पत्र्याची ट्रंक ओढली. आईमागे एवढीच राहिलेली. आत दोन गोधड्या, लेकीचा पाचवीचा गणवेश, एक बिनझाकणाचा डबा आणि त्या डब्याला न बसणारं झाकण. तिने सगळं काढलं, सगळं बघितलं, सगळं परत भरलं.

"पत्र्याची ट्रंक सगळ्यांकडे असते," ती म्हणाली. "माणसं म्हणतील, ही गावाला निघालीय की आलीय?"

"माझं गाव लिही की," नवरा भिंतीला टेकून म्हणाला. त्याचं गाव छान होतं. दिवसाला एक बस, आणि ती चुकली तर कुणाला वाईट वाटत नसे. "बायकोचं तेच गाव असतं."

"अहो, तुमच्या गावाला मी तीनदा गेले. तिन्ही वेळा मला चांगल्या कपात चहा दिला."

"मग?"

"घरच्या माणसाला फुटका कप देतात."

पण गुरुवारी सकाळी तिने खरोखरच पेन्सिलीने नवऱ्याचं गाव लिहिलं. बारीक अक्षरात. कामाला येईपर्यंत ते तिला दातात अडकल्यासारखं टोचत राहिलं. चादर ताणताना थोरलीजवळ आली की सांगायची, "लिहिलं," लांब गेली की पश्चात्ताप, परत जवळ आली की, "पण खोडावं म्हणते."

"खोड," थोरली म्हणाली.

"आणि मग काय लिहू?"

चादर ताणली गेली. दोघी लांब गेल्या, जवळ आल्या.

"आमच्यात बस."

तेच काका म्हणाले होते. बहिणी म्हणाल्या होत्या, वेगवेगळ्या येऊन. सगळे तिला आपल्या टेबलावर जागा देत होते, आणि ती ज्याच्या त्याच्या टेबलावर शोभलीही असती. तेच तर दुखत होतं. तिने खोडरबराने गाव खोडलं, इतकं जोरात की गुलाबी कागदाला पांढरा डाग पडला, आणि फॉर्मवर नुसतं नाव लिहून तो मॅडमच्या टेबलावर ठेवला. टेबल पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ. मॅडमनी डाग उजेडाला धरून बघितला आणि फॉर्म गठ्ठ्यात घातला.

शुक्रवारी सभागृहात बावीस टेबलं लागली. त्यांवर घातलेल्या चादरी अर्थात तिनेच पहाटे इस्त्री करून आणल्या होत्या. दाराजवळच्या शेवटच्या टेबलावर तिच्या नावाची पट्टी होती, आणि त्यावर चादरीशिवाय काही नव्हतं.

थोरली काळ्या पोलक्यात, सासूची पेटी उघडून, न बोलता उभी होती, आणि तिच्याच टेबलाभोवती सगळ्यात जास्त गर्दी, कारण ती काहीच सांगत नव्हती म्हणून लोक आपापसात अंदाज बांधत होते. काका गाठ दाखवत होते. "ओढा. अजून ओढा. सुटली का? नाही ना? विषयच संपला." बहिणींनी शाल मध्ये ठेवून दोन बाजूंना दोन खुर्च्या टाकल्या होत्या आणि शालीची माहिती दोघी वेगवेगळी देत होत्या.

भिंगरी आपल्या टेबलामागे उभी राहायची, दोन मिनिटांनी कुणाचा तरी ग्लास उचलायची, परत यायची, पट्टी सरळ करायची, परत जायची. ठरवून सुद्धा तिला व्यवस्था बघण्यावाचून राहवेना. एक तरुण डॉक्टर तिच्या टेबलापाशी थांबले. खाली वाकले. चादर बघितली.

"हे काय आहे?"

"चादर."

"कुठली?"

"इथलीच."

"अच्छा," डॉक्टर म्हणाले, आदराने, आणि शेजारच्या टेबलावर गेले.

एवढ्यात लिफ्टवाला नवरा सभागृहाच्या दारात येऊन उभा राहिला. तो स्टुलावरून उठून आलाय, म्हणजे काहीतरी मोठं झालंय, हे सगळ्यात आधी भिंगरीला कळलं.

"तिसऱ्यावर पाइप फुटला," तो नेहमीच्या आवाजात म्हणाला. "बायकांच्या वॉर्डात घोट्याएवढं पाणी. पेशंट जुन्या इमारतीत नेतायत. चाळीस खाटा, उघड्या. सिस्टर चादरी मागतायत."

भिंगरी तळघराच्या जिन्यात होती तोवर बाकीच्यांच्या डोक्यात वाक्य शिरलंही नव्हतं.

जुनी इमारत अंगणापलीकडे. आणि अंगण गटाराच्या कामासाठी दोन महिने उकरून ठेवलेलं. मधून फळ्या टाकलेल्या, वर-खाली. गाडी तिथून ढकलायची म्हणजे बैल नसलेली बैलगाडी. पहिली गाडी भरली तीस चादरींची. काकांच्या गुंडाळ्या खाली, थोरलीचे चौकोन वर. तिसऱ्या फळीवर चाक उडालं. गुंडाळ्या गाडीतच घरंगळल्या, त्यांनी चौकोनांची भिंत पाडली, आणि तीसच्या तीस चादरी उलगडत उलगडत चिखलात गेल्या. शिडं उभारावीत तशा.

काका फळीवर उभे राहून बघत होते. विषय संपला असं सुद्धा म्हणाले नाहीत.

तळघरात धुतलेल्या चादरी आता त्रेपन्न उरल्या होत्या. मशीनमधल्या वाळायला दोन तास. पलीकडे चाळीस बायका उघड्या गाद्यांवर, त्यातल्या कित्येकींची ऑपरेशनं कालपरवाची. भिंगरीने पुढचा ढीग टेबलावर ओढला, वरची चादर झटकली, आणि तिच्या हातांनी काय करायचं ते तिला विचारलं नाही. लांबीत दुमड. परत दुमड. दोन्ही टोकं मध्याकडे. एक टोक उघडं राहिलेलं, खिशासारखं. दुसरं टोक त्या खिशात खोच. ठोक. एक कोपरा दोन बोटं बाहेर. तिने ती घडी थोरलीकडे फेकली. थोरलीने झेलली, हलवली, उलटी धरली. घडी हूं की चूं करेना.

वडिलांच्या रोड रोलरच्या मागे ट्रक लागायचा, आणि ट्रकच्या हौद्यात घर. खड्डे नसते तर वडिलांना कामच नसतं. म्हणजे घर नेहमी खड्ड्यांतूनच जायचं. आई प्रत्येक कापड असं खोचून ठेवायची. "कान बाहेर राहू दे गं," ती म्हणायची. "सामानाला कान असला की ते हाकेला येतं."

नोकरीच्या चौथ्या दिवशी भिंगरीने हॉस्पिटलात अशाच घड्या घातल्या होत्या. पन्नास. दुपारी तिसऱ्या मजल्याची एक तरुण सिस्टर त्यातली एक हातात घेऊन खाली आली आणि सगळ्यांसमोर ती टेबलावर आपटली. "हे गाठोडं कुणी बांधलं? माझा पेशंट गारठलाय आणि मी इथे पोटली सोडत बसू?" सगळे हसले. कान ओढा, एवढंच सांगायचं होतं. पण भिंगरी तेव्हा तेवीस वर्षांची, नवी, इथलं बोलणं अजून तोंडात बसलं नव्हतं. ती वाक्य जुळवेपर्यंत सिस्टर वर पोचली होती. महिनाभर तिला गाठोडेवाली म्हणायचे. मग तिने बघून बघून सगळ्यांच्या घड्या उचलल्या आणि आईची घडी अशी ठेवून दिली की पुढे घरी सुद्धा ती कधी घातली नाही.

"अशी," ती आता म्हणाली. "खोचा. आणि कान बाहेर. कान विसरू नका."

थोरलीने एक केली. चुकली. दुसरी केली. बहिणी सभागृहातल्या चांगल्या कपड्यांतच खाली आल्या आणि अबोला तसाच ठेवून कामाला लागल्या. तिसऱ्या घडीला एक दुसरीला म्हणाली, "अगं, तिचा अंगठा बघ, तुझा नको बघूस," आणि अबोला तिथेच मोडला. काकांचा हात शेवटी थोपटल्याशिवाय राहीना. त्रेपन्न चादरी. गाडी भरली, फळ्यांवरून गेली, उडाली, आपटली, एकदा तर निम्मा ढीग खाली आला. घड्या विटांसारख्या पडल्या, विटांसारख्या उचलल्या, वरची माती झटकली. एकही उलगडली नाही.

गाडी पलीकडे पोचली आणि भिंगरी तळघरात परतली. तेवढ्यात फोन वाजला.

"काय पाठवलंय हे?" तिसऱ्या मजल्याच्या सिस्टर. आता मोठ्या सिस्टर, निवृत्तीला आलेल्या, पण आवाज तोच, आपटणारा. "उघडतच नाही. पेशंट उघड्या गादीवर आहे माझा."

धुलाईखान्यात सगळे तिच्याकडे बघत होते. भिंगरीने फोन कानापासून जरा लांब धरला. एकोणतीस वर्षांत तिला इथलं सगळं बोलणं येत होतं, सिस्टरांचं सुद्धा. तिने हवं तर त्यांच्याच आवाजात त्यांना उत्तर दिलं असतं. पण तिने फोन ठेवला आणि धावली. जिना, अंगण, फळ्या, जुनी इमारत.

सिस्टर एका खाटेपाशी घडी दोन्ही हातांत धरून उभ्या होत्या. खाटेच्या कडेला एक बाई पोट धरून, दुसऱ्या हाताने सिस्टरचा खांदा धरून. भिंगरीने घडी घेतली, कान चिमटीत धरला, हिसका दिला. चादर फट्कन उघडली आणि गादीभर पसरली. एका हाताने. दुसरा हात तिने त्या बाईच्या पाठीला लावला होता.

सिस्टरांनी पुढची घडी तिच्यासमोर धरली.

"परत."

भिंगरीने दुसरी दाखवली. तिसरी सिस्टरांनी स्वतः ओढली. उघडली. त्या चौथीकडे वळल्या, मग थांबल्या.

"हे आधी का नाही केलं कुणी? इतकी वर्षं दोन हातांनी झटापट करतोय आम्ही."

"केलं होतं," भिंगरी म्हणाली. "माझ्या चौथ्या दिवशी. तुम्ही आपटलीत."

"मी?" सिस्टरांनी खरंच आठवून बघितलं. कपाळाला आठ्या घालून, मनापासून. त्यांना काही आठवलं नाही. "असेल. मी बरंच काय काय आपटलंय." मग पाचवी घडी उचलता उचलता म्हणाल्या, "तेव्हाच सांगायचं ना, बाई."

भिंगरीला परत जाताना फळ्यांवरून घाई करता येईना. एवढी वर्षं ती ज्या आवाजाला घाबरून पळाली, त्या आवाजाला तिचा पत्ताच नव्हता. हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने वाटेतल्या चिखलातल्या चादरी गोळा करायला घेतल्या.

चार वाजता मॅडम खाली आल्या. चष्मा आधीच काढलेला. हातात गुलाबी फॉर्म.

"तुमचं टेबल रिकामंच राहिलं. मी नोंद काय करू? काहीतरी करावी लागेल." या वेळी त्यांनी प्रश्न विचारला आणि उत्तरासाठी थांबल्या, त्यांनाही त्याचं नवल वाटलेलं दिसलं.

भिंगरीने फॉर्म घेतला. दोन रकाने तसेच सोडले. तिसऱ्यात लिहिलं: आईची घडी. मग एक चादर काढली, खोचली, कान बाहेर ठेवला, आणि मॅडमच्या हातात दिली.

"उघडून बघा."

मॅडमनी खूप प्रयत्न केला. कुणीही मदत केली नाही. शेवटी काकांना राहवलं नाही. "कान धरा, मॅडम. सगळ्यांना शेवटी कान धरल्यावरच कळतं."

शनिवारी नेहमीचं काम. काकांनी गुंडाळलं, बहिणींनी उजळ बाजू आत घेतली, कारण थिएटरला गुंडाळ्याच लागतात आणि अतिदक्षतेला तोंड झाकलेलीच. पण धुलाईखान्यातल्या तिसऱ्या मजल्याच्या कप्प्यावर आता नवी पट्टी होती, मोठ्या सिस्टरांच्या अक्षरात: 'कानवाल्या'. त्या कप्प्याचं काम थोरलीने न विचारता स्वतःकडे घेतलं.

पहिली घडी तिने घातली, खोचली, आणि कान चांगला चार बोटं बाहेर ठेवला. सशाचा असतो तसा. दुसरीचा तर आतच गेला. भिंगरी समोर उभी. तिचे हात नुसते वळवळत होते. एकदा पुढे झाले, थोरलीने नजर वर केली, हात मागे गेले. पाय एका जागेवर ठरेनात. डबा आज समोरच होता आणि तिकडेही लक्ष लागेना.

"दोन बोटं," ती न राहवून म्हणाली. "दोनच."

"बघते."

तिसरी घडी. तीन बोटं. वाकडा.

भिंगरीने शेजारचं स्टूल पायाने ओढलं, दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसली. काका रोलर बंद करून बघायला आले. बहिणी आल्या. लिफ्टवाल्या नवऱ्यापर्यंत बातमी पोचायला दोन मिनिटं लागली, आणि तो तळमजल्याच्या खाली आला, दार उघडं ठेवून उभा राहिला.

"बसलीस," तो म्हणाला.

"बोलू नका," ती घडीवरची नजर न हलवता म्हणाली. "चौथी घालतेय ती."